सरळ चालणारं जनावर

रविवार, ५ ऑक्टोबर

आज संस्थेच्या बैठकीत एकमताने ठरलं, की माझ्या डोळ्यांवर कुणाचाही विश्वास नाही. एकमताने म्हणजे मी सोडून.

ठरावाचे शब्द अर्थात सभ्य आहेत. इमारतीमागच्या सात एकरांतलं गवत सुधारलं की नाही, हे ड्रोन उडवून तपासावं. पाच वर्षं मी ओरडून सांगते आहे की सुधारलं आहे. पण मी पडले सदुसष्ट वर्षांची बाई. मला पंखे नाहीत.

आम्ही टेलिफोन खात्यातल्या लोकांनी काटोल रोडवर ही जागा घेतली, तेव्हा दोन इमारती व्हायच्या होत्या. एक झाली. दुसरीच्या जागेवर बिल्डरने मुरूम उकरला, मलबा ओतला आणि तो दिसेनासा झाला. मागे उरलं गाजर गवत आणि डास. पाच वर्षांपूर्वी मी भांडून मलबा हलवायला लावला, कुंपण घालून घेतलं आणि मारवेल आणि पवन्या या इथल्याच दोन गवतांचं बी पेरून घेतलं. नाल्याकडचा एक कोपरा तेवढा बिल्डरच्या तावडीतून सुटला होता. तिथे मूळचं जुनं गवत होतं, त्याला हात लावला नाही. हा ठराव मी एका मताने जिंकला. अट अशी पडली, की पाच वर्षांनी पेरलेल्या भागात दोनाच्या जागी निदान दहा जाती दिसल्या, तर जागा गवताची. नाहीतर बाबनरावांची.

बाबनराव काळबांडे आमचे सचिव. खात्यात लाईनमन होते. खांबावरून पडल्यापासून जरा वाकडे चालतात आणि त्याआधीपासून वाकडा विचार करतात. त्यांना तिथे बगीचा हवा आहे. लॉन, कारंजं आणि सिमेंटची हरणं.

"किती हरणं?" मी विचारलं.

"तीन, मॅडम. एक बसलेलं."

आत जाऊन का मोजत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुमीच तं बोर्ड लावला जी. आत जायाची मनाई. मग वरूनच पाहा लागन ना?"

माणूस खांबावर वाया गेला. कोर्टात शोभला असता.

निकाल २ नोव्हेंबरच्या सभेत.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सहा वाजता नेहमीप्रमाणे निरीक्षणाला गेले. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे आणि एक बाबनरावांकडे. फाटकावर माझ्याच हातचा बोर्ड आहे: 'आत पाऊल टाकण्यास सक्त मनाई. कोणासही.' रंग उडत चालला आहे, पुन्हा लिहायला हवा.

फाटकापासून नाल्याच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून काठाकाठाने, मग कुंपणाजवळून परत. छत्री उघडी, पाठ ताठ, नजर समोर. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आग्नेस डोक्यावर पुस्तक ठेवून आम्हाला व्हरांड्यात चालवायच्या. पुस्तक पडलं की पुन्हा पहिल्यापासून. माझं पडत नसे. मुलींनी नदीसारखं वळत वळत चालू नये, असं सिस्टरचं म्हणणं होतं.

कोपऱ्यात एक सपाट दगड आहे. त्यावर बसून एक संत्रं खाते. सध्या अंबिया बहाराची आली आहेत, अजून हिरवट आहेत, पण चालतात. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून ट्रंक बोर्डावर बसले, मग चौकशीच्या खिडकीत. रोज शेकडो लोक कानात बोलायचे. कुणी लाईनवर नुसता श्वास घेत गप्प बसला, तरी मला कळायचं, आणि मी ती लाईन कापायचे. त्या दगडावर कुणीच बोलत नाही. गवत सळसळतं तेवढंच. अख्ख्या नागपुरात मला एवढी एकच जागा सापडली आहे, आणि तिथे हे लोक कारंजं बसवणार. वर बहुधा रंगीत दिवे.

येताना साडीच्या काठाला कुसळं चिकटतात. वाटेत टोचायला लागली की थांबून झटकते. दुसरा इलाज नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

ड्रोन आला. सोबत दोन माणसं.

धनश्री धकाते, उमरेडच्या विणकर कोष्ट्यांची मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीसची, गवतावर पीएच.डी. करते आहे. बोलणं मोजकं, केस नीट बांधलेले. मला पहिल्याच वाक्यात काकू म्हणाली. मी म्हटलं, तुझी माझी ओळख नाही. तेव्हापासून मॅडम म्हणते.

दुसरा पियुष. ड्रोन त्याचा. एरवी तो लग्नांची शूटिंग करतो.

"लग्नांची?" मी म्हटलं.

"हो ना मॅडम. वरात, स्टेज, नवरीची एन्ट्री. गवत पहिल्यांदाच करून राहिलो. पण गवत बरं, हलवू नका म्हटलं तर हलत नाही."

ते तेव्हाही हलत होतं, वारा होता.

दोघांना आत थोडं उभं राहायचं होतं म्हणून मी फाटकाशीच थांबवलं, पियुषची पॅन्ट गुडघ्यापासून खाली ब्रशने झटकायला लावली, बुटांचे तळ पुसायला लावले. बाहेरचं बी आत येता कामा नये. माणसांच्या कपड्यांतून काय काय येतं, याची या पिढीला कल्पना नाही. धनश्रीने मात्र मुकाट्याने आपली सलवार झटकली, आणि का कोण जाणे माझ्या साडीकडे बघत राहिली.

ड्रोनचा आवाज मिक्सरसारखा. फूटपट्टीने आखल्यासारखा तो सरळ जातो, पुढच्या पट्टीवर येतो, परत फिरतो. धनश्री म्हणाली, "आजोबांच्या मागावर धोटा असाच जायचा-यायचा. हे आकाशातून विणणंच आहे." त्यावरचा कॅमेरा आपल्याला न दिसणारा उजेडही टिपतो म्हणे. प्रत्येक गवताची पिकण्याची छटा वेगळी, त्यामुळे शेकडो फोटो जोडले की कुठे काय उगवलं आहे त्याचा नकाशा तयार होतो. मग खाली जाऊन चौकट ठेवून खात्री करायची.

वाक्य चांगलं होतं. आवाज वाईट होता. पियुषने शेवटी सवयीने बाबनरावांभोवती एक गोल चक्कर मारून घेतली. बाबनरावांनी केस सारखे केले.

शनिवार, ११ ऑक्टोबर

अनर्थ.

धनश्री नकाशा घेऊन आली. लॅपटॉपवर आमची सात एकरं पसरलेली होती, मारवेल पोपटी, पवन्या फिकट पिवळा, नाल्याचा कोपरा रंगीबेरंगी. आणि या सगळ्यातून एक तांबूस पट्टा. फाटकापासून निघतो, पट्टीने ओढल्यासारखा कोपऱ्यापर्यंत जातो, तिथे काटकोनात वळतो, नाल्याकाठाने जातो, पुन्हा काटकोन, आणि परत फाटक.

"हे काय आहे?"

"तेच बघतेय. इथे कुसळी गवत दिसतंय, थोडं डोंगरी. हे आपण पेरलं नव्हतं."

"म्हणजे कुणीतरी आत येतं."

"येतंय खरं," धनश्री म्हणाली. "पायवाट आहे. बऱ्याच वर्षांची."

माझ्या कुंपणात! माझ्या बोर्डाच्या नाकावर टिच्चून! मी पियुषला फोटो मोठा करायला लावला. त्याने केला आणि म्हणाला, "मॅडम, गाय नसन. गाय अशी चालतच नाही."

"मग रोही? नीलगाय?"

"रोही तं त्याहून नाही. हे जनावर लय शिस्तीतलं हाये."

बाबनराव मागे उभे होते. चहा प्यायचं थांबवून खोकायला लागले. ठसका लागला म्हणाले.

रविवार, १२ ऑक्टोबर

विचार करते आहे. कुसळी हे गवत मला मुळीच आवडत नाही. टोचतं. पेरलेल्या मारवेलात ते घुसलं म्हणजे आमचं गवत बिघडलं. सभेत बाबनराव हाच नकाशा दाखवतील आणि म्हणतील, पाहा, नुसतं तण.

आणि हा पट्टा कुणी केला? काटकोनात वळणारा प्राणी माझ्या माहितीत नाही. नागपुरात काटकोनात वळणारा माणूसही नाही. इथले लोक चौकातसुद्धा कर्ण काढून जातात. म्हणजे हे कुणीतरी ठरवून करतं आहे. रोज, मोजून मापून, गवत मरावं म्हणून.

दुसरी किल्ली बाबनरावांकडे आहे. फाटकाच्या कड्या कुणीतरी नियमित तेल देऊन ठेवतं, हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं. मी देत नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

बाबनरावांना सरळ विचारलं, "तुम्ही आत जाता का?"

"मी? मॅडम, माझी चाल पाहिली ना तुमी? त्या पट्ट्यावर मी चाललो तं तो जिलबीसारखा दिसन."

हे खरं आहे. म्हणजे कुणाला तरी पाठवतात.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

धनश्री संध्याकाळी आली. सांबारवडी केली होती, दिली. दोन खाल्ल्या आणि तिसरी मागितली, तेव्हा मला मुलगी बरी वाटली. सभा जवळ येत होती म्हणून मी तिला जरा खोदून विचारलं. पेरलेल्या भागात दहा जाती होतील का? ती खाली बघून म्हणाली, "पट्टा सोडून अजून सहाच सापडल्यात, मॅडम."

सहा.

मग ती एकदम साड्यांवर घसरली. माझी धुवायला काढलेली सकाळची सुती साडी खुर्चीवर होती. तिचा काठ हातात घेऊन बराच वेळ बघत बसली, अगदी नाकाजवळ नेऊन. चिमटीने काठातली कुसळं आणि आघाड्याचं बी काढून एका कागदी पाकिटात ठेवलं. बिचारीला घाण बघवली नसावी. कोष्ट्याच्या घरची, कापडाची कदर असणारच. वीण कुठली, किती वर्षं नेसते, असं सगळं विचारलं. मी रोज सकाळी सुतीच नेसते, असं सांगितलं.

"आणि निरीक्षणाला रोज जाता?"

"पावसातसुद्धा."

"आत?"

"निरीक्षणाला," मी म्हटलं.

जाताना म्हणाली, "मॅडम, मी सांगेपर्यंत निरीक्षणात काही बदल करू नका हं. अगदी नेहमीसारखंच जा." आजकालच्या मुलांत नियमितपणाची किंमत समजणारं कुणी भेटलं की बरं वाटतं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

सापळा लावला आहे.

दारात रांगोळी काढता काढता सुचलं. संध्याकाळी पूजेआधी फाटकातून आत गेले आणि पट्ट्यावर तीन ठिकाणी पांढरी रांगोळी चाळणीने पसरली, हातभर रुंद. दिव्यांच्या दिवशी इकडे कुणी फिरकत नाही. जो फिरकेल, त्याची पावलं उमटतील. टेलिफोन खात्याने मला एक शिकवलं आहे. वायर कुठे तुटली हे कळायला धीर लागतो.

खाली फटाके सुरू आहेत. कानांत कापूस घालून लिहिते आहे. बाबनरावांकडून चिवडा आला. तिखट आहे. त्यांनी स्वतः केला असावा, बायको गेल्यापासून स्वयंपाक तेच करतात. निषेध म्हणून परत करणार होते, पण तोवर अर्धा झाला होता.

बुधवार, २२ ऑक्टोबर

सहा वाजता निरीक्षणाला गेले. येताना रांगोळी तपासली. तिन्ही ठिकाणी माझ्या चपलेशिवाय कुणाचाही ठसा नाही.

चोर हुशार आहे.

रविवार, २६ ऑक्टोबर

सकाळी दगडावर बसले असताना वर कुठेतरी भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज येत होता. छत्री होती, म्हणून मान वर केली नाही. संत्रं गोड निघालं.

परत आल्यावर पियुष आणि धनश्री फाटकाबाहेर गाडीत बसलेले दिसले. एवढ्या पहाटे! मी विचारलं तेव्हा पियुष म्हणाला, "बॅटरी टेस्ट करून राहिलो होतो, मॅडम." दोघांचे चेहरे लाल होते. मला वाटतं, तरुण माणसांनी पहाटे गाडीत बसून एकमेकांकडे बघत हसायचं असेल तर लग्नाचं बघावं. धनश्रीच्या वडिलांचा फोन नंबर मिळवला पाहिजे.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

झोप नीट येत नाही. सहा जाती. रविवारी सभा. एकदा का रोटाव्हेटर फिरला की माझा दगडही उचलून नेतील आणि त्यावर हरीण बसवतील.

विचार करून एकच उपाय दिसतो. निदान ते तण तरी सभेआधी काढून टाकायचं. नकाशा नुसता नकाशा आहे, लोक सभेआधी बाल्कनीतून खरी जागा बघतील. पट्टा नाहीसा झाला तर गवत एकसारखं, सुंदर दिसेल. दोन-चार जाती डोळे झाकून पदरात पडतीलही. गोपिकाला बोलावलं आहे. आमच्याकडे गाजर गवत उपटायला तीच येते. परवा सकाळी खुरपं घेऊन ये, म्हटलं, तो तांबूस पट्टा मुळासकट काढायचा आहे.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

पकडलं!

नऊ वाजता बाल्कनीत आले, तर गोपिका फाटकाशी उभी आणि बाबनराव तिला हात जोडून परत पाठवत होते. आवाज वरपर्यंत आला.

"जाय वं बाई, आज नाही करायचं."

"काहून? मॅडमनं बलावलं ना."

"मॅडमले मी सांगतो. तू ते गवत उपटलं तं माझी पेन्शन गेली समज."

मी अंगावरच्या गाऊनवर शाल घेऊन खाली गेले, हे आयुष्यात पहिल्यांदा. सिस्टर आग्नेस यांना चक्कर आली असती.

"तुम्ही त्या पट्ट्याचे राखणदार झालात कधीपासून?"

"मॅडम, रविवारपर्यंत थांबा ना."

"म्हणजे पट्टा तुमचाच."

"माझा? नाही जी. माझा कुठला?" आणि त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. माझीही मागितली! "फक्त रविवारपर्यंत. तुम्हाला सकाळी सहाला मीच उघडून देतो."

आता कुणाला शंका असेल तर त्याने वाचावं: गुन्हेगार हाच. माझी किल्ली दिली नाही. पण गोपिका निघून गेली होती आणि मला खुरपं धरता येत नाही, तीन वर्षांपासून अंगठा दुखतो.

रविवार, २ नोव्हेंबर

हे लिहायचं की नाही, यावर दुपारभर विचार केला. पण ज्याने दैनंदिनी फक्त जिंकलेल्या दिवशी लिहिली, त्याने ती लिहूच नये.

सभा पार्किंगमध्ये झाली. खांबांना पडदा म्हणून चादर बांधली होती. बाबनरावांनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या, मला पहिल्या रांगेत. मी तयारी करून गेले होते. चोराचं नाव सभेपुढे सांगणार होते.

धनश्रीने नकाशा दाखवला. म्हणाली, पेरलेल्या भागात पट्टा सोडला तर सहा जाती आहेत. मागून कुणीतरी, "झालं मग, हरणं आणा," असं म्हटलं. ती पुढे म्हणाली, "आणि पट्ट्यासकट तेरा."

मला ऐकू आलं ते नीट कळलं नाही.

"हे तण नाही," ती सांगत होती. "कुसळी, डोंगरी, आघाडा आणि काही रानफुलं, हे सगळं नाल्याकडच्या जुन्या कोपऱ्यातलं, इथलंच मूळचं आहे. पूर्वी गुरं आणि हरणं चरताना अंगाला बी चिकटवून इकडून तिकडे नेत. आपण कुंपण घातलं, जनावरं थांबली, आणि कोपऱ्यातलं बी कोपऱ्यातच राहिलं. पण एक जनावर थांबलं नाही. ते रोज पहाटे कोपऱ्यात जातं, अंगाला बी चिकटवून आणतं, आणि वाटेत थांबून झटकतं. गेल्या रविवारी आम्ही त्याचं शूटिंग केलंय."

चादरीवर पहाट उजाडली. पियुषने सवयीप्रमाणे मागे सनई लावली होती आणि चाल हळू केली होती. वरून गवत दिसत होतं, आणि त्यातून एक काळं गोल काहीतरी संथपणे सरळ रेषेत येत होतं. त्याच्याखाली मधूनमधून एक पांढरा काठ.

बाई होती. कोण ते कळेना. चाल मात्र चांगली होती. असं चालणारं आता कुणी राहिलं नाही, असं मला वाटूनही गेलं. मग ते काळं गोल काटकोनात वळलं आणि त्यावर एक पांढरं ठिगळ दिसलं. छत्रीला ठिगळ मीच लावलं आहे, गेल्या जुलैत, पांढऱ्या कापडाचा तुकडा संपवायचा होता म्हणून.

सनई चालूच होती. माझी नवरीसारखी एन्ट्री होत होती आणि पार्किंगमधली चाळीस माणसं टाळ्या वाजवत होती.

मी उभी राहिले. काय बोलायचं ते माहीत नव्हतं, पण बसून राहणं अशक्य होतं. "मी निरीक्षणाला जाते," मी म्हटलं. "ते आत जाणं नाही."

"नाही जी, बराबर आहे," बाबनराव म्हणाले. "तुमी आत नाही गेल्या. तुमचं लुगडं गेलं."

हशा ओसरल्यावर मी त्यांना विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून. खांबावरची सवय आहे मले, वरून सगळं दिसते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तं तुमी स्वतःलेच नोटीस काढली असती. अन् जाणं बंद केलं असतं." मग म्हणाले, "कड्यांना तेल देत होतो म्या. आवाज झाला का तुमी दचकता."

"आणि बगीचा? हरणं?"

"हरणं पाहिजेच होती ना मले. पण सकाळी चहा घेऊन बाल्कनीत बसलो का समोर..." इथे ते अडखळले, टोपी काढली, पुन्हा घातली. "समोर गवत बरं दिसते."

गवताबद्दल त्यांचं मत बदललं हे ऐकून मला समाधान वाटलं.

ठराव एका मताच्या फरकाने नाही, जवळजवळ सगळ्यांनी हात वर करून जिंकला. जागा गवताची. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला हरणं हवीच होती, म्हणून मी एक मंजूर केलं. बसलेलं. फाटकाबाहेर.

धनश्रीने निघताना एक विनंती केली. पट्टा एकच आहे, बाकी सात एकर तसेच उपाशी आहेत. तेव्हा यापुढे निरीक्षण सरळ रेषेत नको. रोज नवी वाट, नागमोडी, जमेल तितकं भटकत.

"मला तसं चालता येत नाही," मी खरं ते सांगितलं.

"शिकाल हो, काकू," ती म्हणाली. काकू मी चालवून घेतलं. बोर्ड मात्र नवा लिहायचा आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

सहा वाजता फाटकाशी गेले, तर बाबनराव पांढरा पायजमा घालून उभे.

"वाकडं चालाचं शिकवाले आलो," म्हणाले. "एवढं एकच काम मले येते."

आत गेल्यावर पहिली वीस पावलं माझी सरळच पडली. ते मागून म्हणाले, "मॅडम, उजवीकडे काहून नाही पाहत? तिकडं फूल आहे." उजवीकडे गेले. "आता तिकडं." तिकडे गेले. एकदा मारवेलात अडकून पडता पडता वाचले, एकदा पडलेच, पण बसल्यासारखी, तेव्हा ते मोजायचं नाही. डोक्यावर पुस्तक असतं तर आज शंभरदा पडलं असतं. सिस्टर आग्नेस यांनी वरून पाहिलं असेल तर त्यांनी कृपा करून तो ड्रोनचा दोष समजावा.

मध्येच बाबनराव वाकून पायजम्यातली कुसळं उपटायला लागले. मी ओरडले, "हात लावू नका! ती संस्थेची मालमत्ता आहे. पुढे नेऊन झटका."

त्यांनी पुढे नेऊन झटकली.

दगडावर दोघांना जागा होते, हे मला पाच वर्षांत माहीत नव्हतं. संत्र्याच्या अर्ध्या फोडी त्यांना दिल्या. मला भीती होती ती आता बोलत बसतील याची; पेन्शन, गुडघे, मुलगा पुण्याला, हे सगळं. पण ते बोलले नाहीत. गवत सळसळत होतं आणि माझ्या शेजारी एक माणूस नुसता श्वास घेत गप्प बसला होता.

अशी लाईन मी तीस वर्षं कापत आले. आज राहू दिली.